हिरवा दिवा लागेपर्यंत

ऑफिसात तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. एरवी सगळे तिला ‘सावकाश’ म्हणत. "सावकाश आल्या का?" "सावकाशच्या खुर्चीवर बसू नकोस हं, ती ओरडत नाही, नुसती बघत राहते." हे नाव पडलं होतं तिच्याच तोंडच्या शब्दावरून. घरचं इंटरनेट बिघडलेली माणसं वैतागून फोन करायची, आवाज चढलेला, शब्द एकमेकांच्या अंगावर पडलेले, आणि ही पलीकडून म्हणायची, "सावकाश. घाई नाही. मी आहे फोनवर."

काम म्हटलं तर सोपं. कानाला हेडफोन, समोर पडदा, आणि एका न उघडणाऱ्या खिडकीला पाठ लावून बसलेली टेबलांची रांग. फोन आला की विचारायचं, राउटरवरचे दिवे लागलेत का, कुठल्या रंगाचे आहेत. मग वायर काढायला सांगायची, थोडं थांबायला सांगायचं, परत लावायला सांगायची. आधी लाल दिवा लागतो, मग तो लुकलुकतो, मग हिरवा होतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

पण लाल दिव्यापासून हिरव्या दिव्यापर्यंत दोन-तीन मिनिटं जातात, आणि खरी मौज त्यातच होती. बाकीच्या मुली त्या वेळात फोनवर संगीत लावून द्यायच्या आणि बाटलीतलं पाणी प्यायच्या. ही संगीत लावायची नाही. नुसती थांबायची. आणि माणसाचं असं आहे, की फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणी गप्प बसलेलं आहे, हे त्याला फार वेळ सोसवत नाही. तो बोलायला लागतो. एक बाई त्या वेळात म्हणाली, की नवऱ्याला सोडून जायचं तिने कालच पक्कं केलंय, त्याला अजून सांगितलेलं नाही, आणि पाठोपाठ म्हणाली, "आला हो हिरवा. थँक्यू बरं का!" एका माणसाने अख्खं गाणं शिट्टीवर वाजवलं, कडव्यांसकट. एक आजोबा तर फोन कानाला लावूनच झोपी गेले. हिने थोडा वेळ त्यांचं घोरणं ऐकलं, लाइन सुरू झाल्याचं पडद्यावर बघितलं, आणि "येते हं," असं अगदी हळू म्हणून फोन ठेवला.

त्या वेळात ती डोळे मिटून घ्यायची. पलीकडचं घर तिला दिसायला लागायचं. म्हणजे उगाच नव्हे, आधी तिने विचारलेलं असायचं, "मला जरा खोली सांगा." कारण लोक राउटर कुठे ठेवतील याचा नेम नाही. त्याला कुणी राउटर म्हणतही नाही, ‘डबा’ म्हणतात, आणि डब्यासारखंच वागवतात. फ्रिजवर ठेवतात, चपलांच्या कपाटात ठेवतात, दिसायला वाईट म्हणून फुलदाणीमागे लपवतात. एका गृहस्थांनी तर उंदीर वायर कुरतडतात म्हणून तो पत्र्याच्या पेटीत घालून वर झाकण लावलं होतं, आणि ‘सिग्नल का येत नाही’ म्हणून रोज भांडत होते.

या नोकरीआधी ती लांबच्या गाड्यांच्या स्थानकात चौकशीच्या खिडकीवर बसायची. तिथे गाड्यांच्या वेळा दाखवणारे पडदे लागले, खिडकी बंद झाली, आणि कुणाच्या तरी ओळखीने ही इकडे आली. नवरा चष्म्याच्या काचा घासायचा. खाली त्याचं दुकान, वर त्यांच्या दोन खोल्या. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. दिवसभर काचेची पूड उडवून संध्याकाळी हात धुताना तो विचारायचा, "मग? आज कुणाकुणाच्या घरी जाऊन आलीस?"

"बऱ्याच."

"तुझं बरं आहे बुवा. बसल्या जागी गावभर हिंडतेस."

"हिंडते खरी. पण एका घरात कुणी चहा विचारेल तर शपथ."

एक गोष्ट मात्र ती फक्त त्यालाच सांगायची. सुट्टीच्या दुपारी डोळा लागता लागता तिला एक घर दिसायचं. लांबलचक, संपता न संपणारं. एका खोलीचं दार दुसऱ्या खोलीत उघडायचं, आणि प्रत्येक खोली कुठल्या ना कुठल्या फोनवरची असायची. फ्रिजवर डबा असलेलं स्वयंपाकघर, त्याला लागून शिट्टीवाल्याची खोली, तिथून तीन पायऱ्या उतरलं की झोपलेले आजोबा. प्रत्येक खोलीत कोपऱ्यात एक बारीक हिरवा दिवा. ती अनवाणी चालायची. फरशी कुठे गार, कुठे कोमट. ‘तुम्ही कोण’ असं कुणी विचारायचं नाही. नवऱ्याने हे सगळं नीट ऐकून घेतलं होतं आणि विचारलं होतं, "एवढं मोठं घर, झाडतं कोण?"

तर अशा या सावकाशच्या कानावर एका दुपारी पोहण्याचे मास्तर आले.

मास्तर म्हणजे एका जलतरण तलावावर आयुष्यभर पोहायला शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांची तक्रार ऑफिसभर फिरून आलेली होती. पडद्यावर त्यांच्या नंबरासमोर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘ग्राहक ओरडतात’. ते खोटं नव्हतं. तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला ऐकू जावं, असा तो आवाज होता.

"हे बघा बाई, आधी माझं ऐकून घ्या! राउटर बंद करून चालू केला. वायर काढून घातली. तुमचा माणूस दोनदा येऊन गेला, डबासुद्धा बदलला. येतो सकाळी. सकाळी सगळं झकास! दुपार झाली की ढिम्म. मी फोन करतो, तुमची मुलगी म्हणते राउटर बंद करून चालू करा!"

"मी ते म्हणणार नाही, सर."

मास्तर गडबडले. पुढच्या वाक्यासाठी भरून घेतलेला श्वास तसाच राहिला. "मग काय म्हणणार?"

"मला जरा खोली सांगा."

मास्तरांनी सांगितली. आधी तोडून तोडून, मग सुटल्यासारखी. रस्त्याकडच्या बाजूला मोठी खिडकी. वायर तिथून आत येते म्हणून डबा खिडकीच्या कट्ट्यावरच. खिडकीपाशी टेबल, टेबलावर उभा केलेला टॅब. भिंतीवर रांगेत उभ्या ओल्या पोरांचे फोटो. एक लाकडी फडताळ, त्यात शिष्यांनी मिळवलेले कप. घरात दुसरं कुणी नाही.

"टॅबवर काय बघता, सर?"

"आक्काला."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती दूर देशात मुलाकडे राहायची. मागच्या वर्षी तिला झटका आला आणि वाचा गेली. एक हात तेवढा चालायचा. मुलगा सकाळी कामावर जायचा, मग सांभाळायला एक बाई यायची. तिथली सकाळ म्हणजे इथली दुपार. त्या वेळी भाऊबहीण टॅब लावून समोरासमोर बसायचे.

"गप्पा काय मारणार?" मास्तर म्हणाले. "तिला बोलता येत नाही, आणि मला नुसतं ओरडता येतं. आम्ही बसतो. मी पेपर वाचतो, ती खिडकीबाहेर बघते. मध्येच मान वर केली की दिसते, बस्स."

"आणि लाइन गेली की?"

"तेच तर! लाइन गेली हे कळतच नाही मला. आक्का हलत नाही ना. तिचा चेहरा आता तसाच असतो, एका जागी ठेवल्यासारखा. चित्र अडकलंय की ती बसलीय, समजायचं कसं? परवा मी अर्धा पेपर एका अडकलेल्या चित्राला वाचून दाखवला!"

तिला हसू फुटलं. ते दाबायला उशीर झाला, आणि पलीकडे मास्तरही हसले. हसताना त्यांचा आवाज एकदम खाली आला, घरातल्या माणसाचा झाला.

"मग मी एक खूण धरली. तिच्या मागे छताला पंखा आहे. हळू फिरतो. तो फिरतोय तोवर आक्का आहे. तो थांबला, की..." ते जरा थांबले. "की लाइन गेली, असं मी धरून चालतो."

तिने पडद्यावर बघितलं. त्यांचा राउटर रोज दुपारी आपला आपण बंद पडून पुन्हा चालू होत होता, आणि उन्हं कलली की शहाण्यासारखा वागत होता. तिने नेहमीचा प्रश्न विचारला. "घरात काही बदललंय का, सर, अलीकडे?"

"काही नाही. सुईसुद्धा हललेली नाही."

सगळे हेच म्हणतात. ती म्हणाली, "उद्या दुपारी मीच फोन करते."

त्या संध्याकाळी बसमधून घरी जाताना तिला वाटेवरच्या खिडक्या दिसत होत्या आणि प्रत्येक खिडकीत एक पंखा. कुठे भरभर, कुठे रेंगाळत. सिग्नलला बस थांबली तेव्हा एका घरातला पंखा हळूहळू मंदावला आणि थांबला. तिने नकळत समोरच्या दांडीला घट्ट धरलं. मग खोलीतला दिवा मालवला गेला. कुणीतरी खोलीबाहेर गेलं होतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला तेव्हा मास्तर तयारच होते. "गेली! आत्ताच गेली!"

"बरं झालं. डब्यावर हात ठेवा, सर."

पावलांचा आवाज. मग, "अरे बापरे! इस्त्री झालीय की याची!"

"ऊन पडतंय का त्याच्यावर?"

"पडतंय. चांगलं रणरणीत पडतंय."

"पूर्वी पडायचं?"

 रस्त्यावरून एक वाहन गेलं, ते तिला ऐकू आलं. कबुतरं घुमली. मग मास्तर म्हणाले, "पूर्वी झाड होतं."

खिडकीसमोर, रस्त्याच्या कडेला, दोन मजल्यांना पुरेल असं झाड होतं. एक फांदी कुणाच्या तरी गाडीवर पडली, तेव्हा माणसं आली आणि दुपारपर्यंत ते सगळं कापून घेऊन गेली. "तुम्ही विचारलंत, घरात काय बदललं," मास्तर म्हणाले. "झाड काही घरात नव्हतं." आणि मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "दुपारी त्याची सावली छतावर हलायची. तलावातल्या पाण्यावरचं ऊन कसं भिंतीवर नाचतं, तसं. मी इतकी वर्षं त्याच्याखाली पेपर वाचला, वर बघितलं नाही कधी. आता बघतो तर छत नुसतं पांढरं."

तिने डोळे मिटले. पांढरं छत तिला दिसलं, आणि त्यावर नसलेली सावलीही.

"डबा सावलीत न्यायचा, सर. तापला की तो बिचारा बंद पडतो. एवढंच आहे सगळं."

एवढंच होतं, पण वायर तोकडी. कपाटावर चालेल का? कपाट पत्र्याचं, तिथे नको. टेबलाखाली? पाय लागेल. शेवटी कपांच्या फडताळावर एकमत झालं. मास्तरांनी फोन बाजूला ठेवून कप उतरवले; एकेक कप जमिनीवर टेकल्याचा खणखणाट तिला मोजल्यासारखा ऐकू येत होता. एक पडलाही, लांबवर गडगडत गेला. "जाऊ दे," मास्तर लांबून ओरडले, "तो तिसऱ्या नंबरचा होता!"

डबा निवू द्यायचा होता, मग लावायचा होता, मग दिव्यांची वाट बघायची होती. म्हणजे आज नेहमीपेक्षा जास्त थांबायचं होतं. ती थांबली.

"तुम्हाला पोहता येतं का हो?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. पाण्याची भीती वाटते."

"चांगलं आहे. ज्याला भीती वाटते तो निदान ऐकतो तरी. सगळ्यात अवघड काय शिकवणं आहे, सांगू? हातपाय मारायला सगळे तयार असतात. नुसतं पाण्यावर पडून राहायचं म्हटलं, की भले भले घाबरतात. मी म्हणायचो, अरे, काही करू नका. डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ देत, पोट वर. पाणी धरतं माणसाला. ते धरतच असतं, आपण त्याला धरू देत नाही. मग एखादं पोर अचानक सैल पडायचं. तोंडावरची भीती अशी पुसल्यासारखी जायची. मी शिट्टी वाजवायचो नाही त्या वेळी. काठावर उभा राहायचो नुसता."

ऐकता ऐकता तिचे खांदे खाली आले. मान खुर्चीच्या पाठीला टेकली. ऑफिसातला फोनांचा गलका कुणीतरी कानांवर पाणी ओतावं तसा बोथट, लांबचा झाला. तिचे हात टेबलावरून थोडे उचलले गेले आणि तिथेच हवेत राहिले. साहेब तेवढ्यात रांगेतून चालले होते. ते तिच्यामागे थबकले, तिच्याकडे बघितलं, फोनांचे वेळ दाखवणाऱ्या भिंतीवरच्या फलकाकडे बघितलं, आणि पेनचं टोपण चावत पुढे गेले.

"हिरवा!" मास्तर म्हणाले. मग टॅबवर बोट आपटल्याचे आवाज. मग काहीच नाही. आणि मग, "पंखा फिरतोय!"

ही आरोळी इतकी दणदणीत होती, की तिने हेडफोन कानावरून उपटला, आणि शेजारच्या दोन टेबलांवरच्या मुलींनीही माना वळवल्या. "कुणाचा पंखा?" एकीने विचारलं. "आपल्याकडे पंख्याच्या तक्रारी कधीपासून घेतात?"

साहेबांनी तिला संध्याकाळी बोलावलं. साहेब तिच्यापेक्षा वयाने बरेच लहान, स्वभावाने सज्जन, आणि वरून येणाऱ्या आकड्यांनी कावलेले. भिंतीवरच्या फलकावर प्रत्येकीचा फोनमागचा वेळ दिसायचा आणि तिची ओळ कायम तांबडी असायची.

"ताई, तुम्ही काम चोख करता. तुमच्याकडून गेलेला माणूस परत भांडायला येत नाही, हे मला माहीत आहे. पण वेळ फार जातो हो. मला वर उत्तर द्यावं लागतं."

"खरं आहे, साहेब."

"ते दिवे लागेपर्यंत तुम्ही नक्की करता काय?"

तिने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "काही नाही. थांबते."

 साहेबांनी टोपण पेनला लावलं, काढलं, आणि "बरं, बघा जरा," म्हणून विषय सोडला.

काही दिवसांनी, नियमाप्रमाणे, तिने मास्तरांना चौकशीचा फोन केला. ‘सगळं ठीक’ असं ऐकायचं आणि तक्रार बंद करायची.

"झकास!" मास्तर म्हणाले. आणि मग जरा ओशाळून, "फक्त एक आहे. रोज मध्येच पंखा थांबतो. थोडाच वेळ. मग आपला आपण फिरायला लागतो. आधी सगळंच बंद पडायचं, त्यात हे कळत नव्हतं."

तिने त्यांची लाइन तपासली. दिवसचे दिवस एकदाही खंड नाही. राउटर गार, दिवे हिरवे. म्हणजे हा बिघाड या घरातला नव्हता. "तुमची बाजू ठीक आहे, सर," ती म्हणाली. "आता आक्कांची बाजू बघावी लागेल."

मागे हालचाल जाणवली म्हणून तिने वळून बघितलं. साहेब उभे होते. अधूनमधून फोन ऐकायची त्यांची रीतच होती. त्यासाठी एक जादा हेडफोन प्रत्येक टेबलाला असायचा.

"ती लाइन आपली नाही, ताई," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "आपल्या देशातलीसुद्धा नाही."

"हो ना."

"मग?"

"मग आपण काही करायचं नाही. सर बघतील, मी नुसती ऐकेन."

साहेबांनी कान खाजवला. फलकाकडे बघायचं टाळलं. शेजारची रिकामी खुर्ची ओढून ते बसले आणि जादा हेडफोन त्यांनी स्वतःच्या कानाला लावला.

"सर," तिने विचारलं, "पंखा थांबायच्या आधी आक्का काय करतात?"

"काही नाही. बसलेली असते."

"काहीच नाही?"

"हात वर करते तेवढा. निरोप घेतल्यासारखा. हात वर, आणि पाठोपाठ पंखा बंद. खरं सांगू का, राग येतो मला. मी इथे सगळी दुपार मोकळी ठेवून बसतो आणि हिला उठायची घाई. कालच बोललो मी तिला."

"हात आधी वर होतो, की पंखा आधी थांबतो?"

"हात. हात आधी."

"म्हणजे त्यांना आधी कळतं."

 मास्तरांनी फोन बाजूला धरला असावा, कारण आवाज लांबून आला, "आक्का! तुला आधी कळतं का गं?"

उत्तर कसं येणार? पण फोनमधून, टॅबमधून, दोन समुद्र ओलांडून, ती खोली आता तिच्या कानात आली होती. एका घड्याळाची टिकटिक. सपाता घासत कुणीतरी चाललेलं. भांड्याला चमचा लागला. तिने डोळे मिटले. शेजारी साहेबांनीही मिटले, आणि ते तिला दिसलं नाही. तिघंही वाट बघत बसली, कशाची ते माहीत नसताना. एक लहानसं दार ठक् करून लागलं.

"हात वर केला!" मास्तर म्हणाले.

त्याच क्षणी एक गुणगुण सुरू झाली, एखादा भुंगा बरणीत कोंडावा तशी, आणि लगेच तिचे तुकडे पडले. घड्याळाची टिकटिक तुटली, सगळं मुकं झालं. "थांबला," मास्तर म्हणाले.   थांबलेल्या पंख्याखाली थांबलेली आक्का, हात वर केलेली. इकडे तिच्याकडे बघत बसलेला म्हातारा भाऊ. आणि तिसऱ्याच गावात दोन माणसं, डोळे मिटून. मग टिकटिक परत आली, जशी काही गेलीच नव्हती.

"आता कोण दिसतंय, सर?"

"बाई आलीय. कप घेऊन. वाफ येतेय."

"रोज येते?"

"दूध देते ना सकाळचं."

"दूध गरम कुठे करते?"

"मागे ओटा आहे तिथे. ओव्हनमध्ये." मास्तर एकदम थांबले.

"आणि वायफायचा डबा कुठे ठेवलाय त्यांच्याकडे? विचारता का?"

मास्तरांनी विचारलं. पुढचं त्यांनी तिला सांगितलं ते असं, की आक्काने चांगला हात उचलला, मागे वळवता येईल तेवढा वळवला आणि बोट दाखवलं. डबा मायक्रोवेव्हच्या डोक्यावर होता. दूध गरम व्हायला लागलं की ओव्हनच्या लाटांत वायफायच्या लाटा बुडायच्या; इतका साधा मामला होता. शेजारून साहेब खुदकन हसले आणि त्यांनी पटकन तोंडावर हात धरला.

मास्तर मात्र हसले नाहीत. "म्हणजे बाईने ते दार लावलं की हिला कळायचं, आता मी दिसेनासा होणार," ते म्हणाले. आवाज इतका खाली, की तिला हेडफोन कानावर दाबावा लागला. "ती निरोप घेत नव्हती. थांब म्हणत होती. जाऊ नको, आत्ता येते, म्हणत होती. आणि मी तिला रागावत होतो."

ती थांबली. इथे कुठला दिवा लागायचा नव्हता, तरी थांबली. पलीकडे मास्तरांनी नाक पुसलं. मग त्यांचा आवाज परत फोनपासून दूर गेला. "आक्का," ते म्हणाले, आणि पुढे काय म्हणाले ते ऐकायचं नाही असं तिने ठरवलं. तिने हेडफोन अर्धा सरकवला. साहेबांनी तिच्याकडे बघून आपलाही सरकवला.

"डबा लांब ठेवायला सांगा त्यांना," शेवटी ती म्हणाली. "ओव्हनपासून दूर कुठेही."

"भाचा हलवेल सुट्टीच्या दिवशी. नाही हलवला तरी चालेल," मास्तर म्हणाले. "हात वर झाला की मी पेपर खाली ठेवीन. दूध गरम व्हायला असा कितीसा वेळ लागतो?" आणि फोन ठेवता ठेवता जुना आवाज परत आला, "आणि तुम्ही पोहायला शिका हो! तुम्हाला जमेल! तुम्हाला काही न करता पडून राहता येतं!"

साहेबांनी हेडफोन काढला. केस नीट केले. "ही तक्रार कशात लिहायची, ताई? आपली लाइन, परकी लाइन, बाकी काही?"

"बंद झाली, एवढंच लिहा."

मास्तरांचा फोन पुन्हा आला नाही. ज्याचं सगळं सुरळीत चालतं तो कशाला फोन करेल? कधीकधी दुपारी कामात खंड पडला की ती त्यांचा नंबर पडद्यावर काढून बघायची. हिरवी रेघ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ. मग ती ते पान बंद करायची. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं, तेव्हा त्याने काच उजेडाकडे धरून बघितली. मग म्हणाला, "ते झाड परत लावायला हवं कुणीतरी," आणि घासायला लागला.

फलकावरची तिची ओळ तांबडीच राहिली. वरून एकदा कागदही आला. साहेबांनी त्याला काय उत्तर दिलं ते तिला कळलं नाही. मात्र दुपारी, फोन जरा विरळ झाले की, ते कधीमधी येऊन शेजारच्या खुर्चीवर बसायचे आणि काही कारण न सांगता जादा हेडफोन लावायचे. पहिल्यांदा रांगेतल्या मुलींनी एकमेकींना कोपरं मारली. नंतर कुणी बघेनासं झालं.

अशाच एका दुपारी एका तरुण आईचा फोन आला. तिचं इंटरनेट फक्त बाळ जागं असताना चालायचं, ती म्हणत होती. बाळ झोपलं की बंद. हे सांगून कुणालाच पटत नाही, घरचेही हसतात. ती कुजबुजत होती, कारण बाळ आत्ताच झोपलं होतं.

"आम्ही नाही हसणार," हिनेही कुजबुजून सांगितलं. साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. पलीकडून झोपलेल्या बाळाचा श्वास यायला लागला, जात, येत, आणि त्यामागे कसल्यातरी यंत्राची अगदी बारीक घरघर होती. दोघांनीही कान दिला.

"मला जरा खोली सांगा," ती म्हणाली.